भुताखेतांचे वेस्टर्न रॉक आणि ऐकणाऱ्यांचे हसू

आपला प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे नंतर हे वाचणाऱ्यांना संदर्भ लागेल. आपला चौघांचा बँड आहे. टेक्सासच्या ‘घूलटाउन’ या बँडची गाणी ऐकून आपण भुताची गोष्ट आणि जुन्या काउबॉय-गाण्यांचा बाज एकत्र आणणारे एक इंग्रजी गाणे रचले. त्यात आरंभी वाऱ्याचा आवाज, त्यावर शिट्टी, मग घोड्याच्या टापा, ड्रॉप-डी ट्यूनिंगमधले (सर्वांत जाड तार डी पर्यंत उतरवून) भरघोस डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा फाटका, खरखरीत आवाज, आणि शेवटी किंकाळी असा सगळा सरंजाम आहे. तरीही ज्या दहा-बारा जणांना ते ऐकवले, ते घाबरण्याऐवजी हसले. बॅरिटोन गिटार (नेहमीपेक्षा लांब आणि खालच्या स्वरात लावलेली) विकत घेतली तर फरक पडेल का, असे आपण विचारले आहे.

गिटारविषयी शेवटी लिहितो, कारण माझ्या मते अडचण तिच्यात नाही. मी गेली वीसएक वर्षे पुण्यात गिटार वाजवतो आणि एका लहान स्टुडिओत इतरांची गाणी मिक्स करतो. सर्फ (गिटारच्या धुनांचे रॉक), रॉकाबिली (कंट्री आणि रॉक अँड रोल यांचे मिश्रण) आणि त्यांच्या आसपासच्या चार-पाच बँडांचे हेच दुखणे मी जवळून पाहिले आहे, आणि त्यांतला एक बँड माझा स्वतःचा होता. आपले रेकॉर्डिंग मी ऐकलेले नाही, त्यामुळे पुढचे काही आपल्याला लागू पडेल, काही पडणार नाही. मात्र आपण केलेल्या वर्णनावरून एक गोष्ट स्पष्ट दिसते: गाण्यात मोकळी जागा कुठेच नाही. या शैलीतली भीती माळरानावरच्या पोकळीतून येते. दूरवर काहीतरी हलले, ते काय होते हे कळत नाही, आणि ते व आपण यांच्यामध्ये मैलभर कुठे आडोसा नाही, अशी ती भीती आहे. आपण ते माळरान पहिल्या अर्ध्या मिनिटातच सामानाने भरून टाकले आहे. ऐकणाऱ्याला प्रत्येक आवाज ओळखीचा वाटतो, आणि ओळखीच्या खुणांची रांग लागली की माणसाला हसू येते.

हसू येणे ही चूकच असते असे मात्र नाही; आपल्याला काय करायचे आहे त्यावर ते अवलंबून आहे. १९७६ साली न्यूयॉर्कमध्ये उभ्या राहिलेल्या ‘द क्रॅम्प्स’ने स्वस्त भयपटांची सगळी गंमत रॉकाबिलीत ओतली, सुरुवातीची कित्येक वर्षे त्यांच्याकडे बास गिटारसुद्धा नव्हती, दोन गिटार आणि ड्रम्स एवढ्यावर भागत असे. ‘सायकोबिली’ हा शब्द जॉनी कॅशच्या १९७६ च्या एका विनोदी गाण्यात आला होता. कारखान्यातून एकेक सुटा भाग पळवून जोडलेल्या मोटारीचे ते वर्णन होते. क्रॅम्प्सनी तो शब्द आपल्या जाहिरातींत वापरला, आणि १९८० मध्ये लंडनच्या ‘द मेटिऑर्स’नी उभ्या डबल बासच्या तारा थाडथाड आपटत त्याची एक स्वतंत्र शैलीच करून टाकली. या शाखेतले भूत जत्रेतले आहे. ते बघायला माणसे तिकीट काढून येतात आणि खिदळत बाहेर पडतात. आपल्याला हेच हवे असेल, तर लय वाढवा, किंकाळी राहू द्या आणि हसणाऱ्यांचे आभार माना. पण आपल्या प्रश्नातला नाराजीचा सूर पाहता आपल्याला दुसरी, खरोखर घाबरवणारी शाखा हवी असावी असे मी धरून चालतो.

आपल्याकडच्या श्रोत्याच्या हसण्याला आणखी एक कारण असते. शिट्टी, टापा आणि उघडाबोडका खडकाळ प्रदेश म्हटले की त्याच्या डोळ्यांपुढे आधी ‘शोले’ उभा राहतो. त्याला इलाज नाही, पण त्याच चित्रपटात आपल्या कामाची एक जागा आहे. ठाकूरच्या कुटुंबाचे हत्याकांड आठवा. तिथे अंगावर काटा येतो तो झोपाळ्याच्या करकरीने. त्याच्या सात वर्षे आधी, १९६८ मध्ये, इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओने यांनी एका वेस्टर्न चित्रपटाच्या आरंभीच्या कित्येक मिनिटांत पार्श्वसंगीत जवळजवळ ठेवलेच नव्हते. तेल न घातलेली पवनचक्की करकरते, टोपीवर पाणी ठिबकते, एक माशी घोंघावते, आणि तीन मारेकरी आगगाडीची वाट पाहत बसलेले असतात. तिथे एकच आवाज दीर्घकाळ चालतो आणि तो कशाचा आहे हे आपल्याला नेमके ठाऊक असते. आपल्या गाण्यातला वारा मला खटकतो तो याचसाठी. तो कुठला वारा आहे, कशातून वाहतो आहे, हे कळत नाही. तो फक्त ‘आता भीती वाटून घ्या’ अशी पाटी दाखवतो. वारा हवाच असेल तर सैल झालेल्या पत्र्यातून, विजेच्या तारेतून किंवा फटीच्या दारातून येणारा, स्वतः रेकॉर्ड केलेला वापरा. घंटा हवी असेल तर तयार सॅम्पलऐवजी एखाद्या खेड्यातल्या शाळेत रुळाचा तुकडा टांगून केलेली घंटा असते, ती वाजवू द्यायला सांगा. मी तसे एकदा केले आहे. लोखंडाच्या त्या बेसूर नादात जो खडबडीतपणा आहे, तो कुठल्याही चर्चच्या सॅम्पलमध्ये मला आढळला नाही.

आता डिस्टॉर्शनविषयी, कारण माझ्या मते गाणे तिथेच सर्वांत जास्त बिघडले आहे. डिस्टॉर्शन काय करते, तर मोठा आणि लहान आवाज एकाच उंचीवर आणून ठेवते. तार छेडल्यावर नाद हळूहळू विरत जातो, त्या विरण्यातच अंतराचा भास असतो. डिस्टॉर्शनने ते विरणे थांबते आणि गिटार थेट कानाशी येऊन बसते. हेवी मेटलमध्ये तेच हवे असते, कारण तिथे भीतीचा विषय जवळ येऊन उभा राहतो. वेस्टर्नमध्ये त्याने दूर राहायचे असते. १९५८ साली फिनिक्स शहरात गिटारवादक ड्युएन एडी आणि त्याचे निर्माते ली हेझलवूड यांच्याकडे प्रतिध्वनीची खोली नव्हती, म्हणून त्यांनी दोन हजार गॅलनची पाण्याची रिकामी टाकी मिळवली, तिच्या एका टोकाला स्पीकर आणि दुसऱ्या टोकाला माइक ठेवला आणि गिटारचा आवाज तिच्यातून फिरवून आणला. जाड तारांवर, गिटारच्या ब्रिजजवळ (तारा टेकतात त्या पट्टीजवळ) वाजवलेली साधी धून त्या टाकीतून बाहेर आली तेव्हा ती वाळवंटाची झाली. त्याच वर्षी गिटारवादक लिंक रे यांनी मात्र अँपच्या स्पीकरला पेन्सिलीने भोके पाडून आवाज मुद्दाम फाडला. शब्द नसलेली ती धून काही अमेरिकी रेडिओ केंद्रांनी वाजवायचे नाकारले. म्हणजे खरखर वर्ज्य आहे असे माझे म्हणणे नाही. पण ती धून पुन्हा ऐका. ती संथ आहे, दोन कॉर्डच्या मध्ये रिकामी जागा आहे, आणि त्या जागेत फाटका आवाज विरताना ऐकू येतो.

म्हणून माझा आग्रह असा की मुख्य गिटारचे डिस्टॉर्शन पूर्ण काढा. अँप किंचित फुटेल इतपतच ठेवा. स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगमधून मिळणारा घुमारा) वापरा, त्यावर संथ ट्रेमोलो (आवाज ठरावीक गतीने लहान-मोठा होणे) द्या आणि ट्रेमोलोचा वेग गाण्याच्या लयीशी जुळवा, नाहीतर दोन लयी एकमेकींच्या पायात येतात. येथे एक सावधगिरी: फेंडर कंपनीने अनेक अँपवर ट्रेमोलोला ‘व्हायब्रेटो’ आणि गिटारवरच्या स्वर हलवणाऱ्या व्हायब्रेटोच्या दांडीला ‘ट्रेमोलो’ असे उलट लिहून ठेवले आहे, त्यामुळे दुकानात नाव न सांगता ‘आवाज लहान-मोठा करणारा’ असे सांगितलेले बरे. भरघोस डिस्टॉर्शन एका ठिकाणी, एकदाच येऊ द्या. तीन मिनिटे ऐकणाऱ्याने ज्याच्याकडे लांबून पाहिले, ते त्या क्षणी दारात आले असे त्याला वाटले पाहिजे. तसे झाले तर किंकाळीची गरज उरणार नाही.

लयीबाबत थोडक्यात. घोड्याच्या टापांचा आवाज काढून टाका. टापांचा भास ड्रम्सच्या तालातूनच येतो. एक लांब आणि दोन आखूड मात्रांची जी दौड आहे, ती साधारण १०० ते ११० बीपीएमपर्यंत (मिनिटाला इतके ठोके) घोड्यासारखी वाटते, आणि आपण लिहिलेल्या १६० ला ती सरळ मेटलमध्ये जाते. ड्रम्सवर काठ्यांऐवजी ब्रश वापरून पाहा.

शिट्टी आणि ट्रम्पेट यांचे मूळ आपल्याला माहीत असेलच, पण त्यामागची एक गोष्ट फार उपयोगी आहे. १९६४ मध्ये लिओने यांच्या पहिल्या वेस्टर्नसाठी पैसे कमी होते, म्हणून संगीतकार एन्निओ मॉरिकोने यांनी भल्यामोठ्या वाद्यवृंदाऐवजी आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनी यांची शिट्टी, चाबकाचे फटकारे आणि इलेक्ट्रिक गिटार वापरली. त्यातल्या अखेरच्या द्वंद्वासाठी लिओने यांना १९५९ च्या एका अमेरिकी वेस्टर्नमधली ट्रम्पेटची धून हवी होती. मॉरिकोने यांनी ती वापरायला नकार दिला आणि टेलिव्हिजनवरच्या एका नाटकासाठी पूर्वी स्वतःच केलेली अंगाई काढली, ती ट्रम्पेटला दिली आणि मेक्सिकन ढंगाने आळवायला सांगितली. जगाने जिला मृत्यूची धून मानले, ती मुळात बाळाला निजवण्याची होती. आपल्या धुनेत भीतिदायक स्वर शोधत बसू नका, असे मी नव्या मुलांना सांगतो ते यामुळेच. धून गोड असू द्या. ती कोण वाजवतो आहे आणि किती लांबून, यावर बाकीचे ठरते.

‘किती लांबून’ हे मी स्वतः फजिती होऊन शिकलो. आमच्या बँडच्या पहिल्या रेकॉर्डिंगसाठी आम्ही लग्नाच्या बँडमधल्या एका ज्येष्ठ ट्रम्पेटवादकांना बोलावले. त्यांनी धून दोनदा ऐकून बिनचूक वाजवली, माइक त्यांच्यासमोर हातभर अंतरावर होता, आणि प्लेबॅक लावल्यावर आम्ही सगळेच हसलो, कारण ती वरात होती. काका मात्र हसले नाहीत. हे गाणे कशाचे आहे, असे त्यांनी विचारले. फाशी दिलेला माणूस परत येतो, असे सांगितल्यावर ते म्हणाले, “मग असं सांगा की. पोलिसांच्या मानवंदनेला वाजवतात तसं पाहिजे.” आम्ही त्यांना इमारतीच्या जिन्यात दोन मजले खाली उभे केले आणि माइक वरच्या वळणावर ठेवला. सर्वांत चांगल्या टेकच्या मध्येच पहिल्या मजल्यावर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली आणि तो टेक वाया गेला. पण त्या शिट्टीच्या शेपटीवरून आम्हाला कळले की जिना सुमारे तीन सेकंद आवाज धरून ठेवतो. मग प्रत्येक ओळीनंतर तेवढी जागा सोडून काकांनी पुन्हा वाजवले. त्या रेकॉर्डिंगला मी नंतर एकही कृत्रिम रिव्हर्ब लावला नाही. आपल्याकडे ट्रम्पेट नसेल तर शिट्टीवरही हाच प्रयोग करता येईल. फक्त शिट्टी घालणाऱ्याने माइकपासून चार-पाच मीटर लांब आणि पाठमोरे उभे राहावे.

स्वरांविषयी एक इशारा द्यायला हवा. या शैलीत ए मायनर, जी, एफ, ई अशी उतरती स्पॅनिश मालिका वारंवार येते, आणि शेवटच्या ई वर थांबून वाजवले की त्या ई ला षड्ज मानल्यास कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार शेजारी येतात. आपल्याकडच्या, विशेषतः ज्यांनी थोडेफार शास्त्रीय शिकले आहे त्या वादकांचा हात तिथे आपोआप मींडेकडे (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याकडे) जातो. दोन मिनिटांत वसंत मुखारी राग सुरू होतो आणि मेक्सिकोच्या सीमेवरचा घोडेस्वार राजस्थानात पोहोचतो. ते ऐकायला छान लागते, पण ते दुसरे गाणे आहे. स्वर सुटे, तुटक वाजवा आणि लांब स्वर स्थिर धरा. हॉररची ओळख म्हणून वापरला जाणारा षड्ज आणि तीव्र मध्यम यांचा विसंवाद एकदा आला तर पुरे. दर ओळीला आला की त्याची धार बोथट होते.

आता शब्दांकडे येतो. आपण पाठवलेल्या कडव्यांत थडगे, कवटी, गिधाड, रक्त, चंद्र आणि सैतान हे सगळे पहिल्या आठ ओळींत आले आहेत, आणि गोष्ट कोण सांगतो आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. या परंपरेतली सर्वांत प्रसिद्ध, गाण्यातून सांगितलेली भुताची कथा १९४८ साली स्टॅन जोन्स या डेथ व्हॅलीतल्या पार्क रेंजरने लिहिली. दमलेला एक म्हातारा काउबॉय टेकाडावर थांबतो, त्याला आकाशातून लाल डोळ्यांची गुरे धावताना दिसतात, त्यांच्यामागे शापित घोडेस्वार, आणि त्यांच्यातला एक जण जाता जाता त्याला सावध करतो की वागणे सुधार, नाहीतर हीच गुरे तुलाही हाकावी लागतील. त्यात कोणी मरत नाही, रक्त सांडत नाही. म्हाताऱ्याला रोजचेच काम दिसते, फक्त ते कधीही न संपणारे असते, हे त्यातले भय आहे. ज्यांनी कोकणात लहानपणी वेताळाच्या पालखीच्या गोष्टी ऐकल्या आहेत, त्यांना हे सांगावे लागणार नाही: अमावास्येच्या रात्री मशाली घेतलेली मिरवणूक लांबून जाताना दिसते, ती काही करत नाही, पण पाहणाऱ्याला ती दिसली हेच त्याच्या मनातून जात नाही.

दुसरे उदाहरण १९५९ च्या एका कंट्री गाण्याचे देतो. खुनाचा आळ आलेला माणूस फासावर जातो, कारण त्या रात्री तो कुठे होता हे सांगितले तर मित्राच्या बायकोची अब्रू जाईल. ती आता काळा बुरखा घेऊन त्याच्या थडग्यापाशी येते. हे सगळे तो स्वतःच सांगतो आहे, म्हणजे बोलणारा मेलेला आहे, आणि तरीही गाण्यात एकदाही ‘भूत’ हा शब्द येत नाही. आपल्या गाण्यात मी पहिली दुरुस्ती हीच करीन: सांगणारा एक माणूस ठरवा, त्याला एक धंदा द्या (गुरे हाकणारा, टपाल नेणारा, थडगी खणणारा), आणि तो घाबरलेला आहे असे त्याला बोलू देऊ नका. कवटी, गिधाड आणि सैतान यांपैकी एकच ठेवा. मी गिधाड ठेवीन, कारण ते खरोखर तिथे असते.

धर्माची बाजूही विचारात घ्या. डेन्व्हरचा ‘सिक्स्टीन हॉर्सपॉवर’ हा १९९० च्या दशकातला बँड बॅंजो आणि बँडोनियनवर (अ‍ॅकॉर्डियनसारखे भात्याचे वाद्य) जे वाजवत असे, त्यात चित्रपटातले भूत जवळजवळ नाहीच. गाणारे डेव्हिड युजीन एडवर्ड्स हे धर्मोपदेशकाचे नातू, आणि त्यांच्या आवाजातला धाक देवाचा आहे. मला स्वतःला त्यांच्याइतकी भीती दुसऱ्या कुठल्याही बँडने घातलेली नाही. उलट इंग्लंडमधल्या स्टीव्हनेजचा ‘फील्ड्स ऑफ द नेफिलिम’ पाहा: १९८४ मध्ये स्थापन झालेला, टेक्सासशी काडीचा संबंध नसलेला बँड, लांब कोट आणि टोप्या घालून, अंगावर धुळीऐवजी चक्क पीठ उधळून ते रंगमंचावर येत. हे वाचायला हास्यास्पद वाटते, पण त्यांच्या संथ, लांबत जाणाऱ्या गाण्यांबरोबर ते शोभत असे, कारण संगीताने आधी पोकळी तयार केलेली होती. वेशभूषेचा निर्णय म्हणून शेवटी घ्या.

राहिली बॅरिटोन. तिच्या तारांचा वाजणारा भाग साधारण २७ इंच किंवा त्याहून लांब असतो, त्यामुळे ती सहसा लावतात तशी बी किंवा ए पर्यंत खाली लावली तरी खालच्या तारा ताठ राहतात आणि त्यांचा टणत्कार स्पष्ट येतो. नॅशव्हिलमध्ये १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून उभ्या बासच्या जोडीला सहा तारांचा बास तळहाताने दाबून वाजवण्याची पद्धत होती, तिचा टकटक आवाज आपण ज्या जुन्या रेकॉर्डिंगांवर फिदा आहात, त्यांतल्या अनेकांत आहे. म्हणजे वाद्य योग्यच आहे. पण आज आपल्याकडे ड्रॉप-डीतली जाड गिटार आणि बास दोन्ही त्याच खालच्या पट्ट्यात वाजत आहेत, त्यात तिसरे वाद्य आले तर चिखल होईल. आधी दुसरी गिटार वर न्या. नंतर घरातल्या एखाद्या जुन्या गिटारला ०.०१३ इंचापासून सुरू होणारा जाड तारांचा संच लावा, सहाही तारा पाच सेमिटोन खाली उतरवा, नटच्या (मानेच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचा कारागिराकडून रुंद करून घ्या आणि मानेतला रॉड त्याच्याकडूनच तपासून घ्या. हा खर्च नव्या बॅरिटोनच्या तुलनेत किरकोळ आहे. त्या गिटारवर फक्त पहिले कडवे वाजवा, १०५ च्या लयीत, ब्रश आणि बास सोबतीला घेऊन. वारा, टापा, किंकाळी काही नको. तो टेक त्याच दहा-बारा जणांना ऐकवा आणि कोणी काय म्हणाले ते इथे लिहा.